मजकुरात उतरलेले घड्याळ

लेखनाच्या कामाला किती वेळ लागला, या प्रश्नाचे उत्तर आता खुद्द लेखनाच्या पोटातच नोंदवून ठेवता येते. ईमॅक्स या मजकूर-संपादकातील 'ऑर्ग मोड' या व्यवस्थेत एखाद्या कामाचे शीर्षक लिहावे, त्यावर घड्याळ सुरू करावे आणि काम थांबले की ते बंद करावे. शीर्षकाखाली एक ओळ आपोआप उमटते : आरंभाची तारीख, वार व वेळ, मग समाप्तीची, आणि शेवटी दोहोंतील अंतर, उदाहरणार्थ १:२५. दिसायला ही ओळ हजेरीपटावरील नोंदीइतकीच कोरडी. परंतु तिच्यामागे सुमारे तीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ध्यानात घेतल्याखेरीज या ओळीत नेमके काय बदलले ते कळणार नाही, असे आम्हांला वाटते.

इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ साली 'पास्ट अँड प्रेझेंट' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात कामाच्या दोन रीतींमधला भेद मांडला. पहिल्या रीतीत कामच वेळ ठरवते : पीक तयार झाले की कापणी, भरती आली की नाव पाण्यात. दुसऱ्या रीतीत वेळ विकलेली असते आणि ती विकत घेणारा तिचा हिशेब मागतो. या दुसऱ्या रीतीचा एक जुना दाखला म्हणून थॉम्पसन इंग्लंडमधील क्राउली लोखंड-कारखान्याच्या १७००च्या सुमाराच्या नियमपुस्तकाकडे वळतात. तेथे प्रत्येक कामगाराच्या येण्याजाण्याची वेळ मिनिटांच्या हिशेबाने टिपली जाई. पंधरा तासांतून न्याहारी-जेवणाचा दीड तास वगळून साडेतेरा तासांची निव्वळ चाकरी भरून घेतली जाई, आणि दारूच्या गुत्त्यात, झोपेत, गाण्यात, भांडणात किंवा बातम्या वाचण्यात गेलेला वेळ त्यात धरला जात नसे. वाचन हे वेळेच्या चोरीच्या यादीत पडलेले पाहून साहित्याच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. त्याहून अर्थपूर्ण नियम असा, की वेळ मोजायची ती देखरेख करणाऱ्याच्याच घड्याळावर, आणि त्या घड्याळाच्या काट्यांना नेमलेल्या माणसाखेरीज कोणी हात लावायचा नाही.

पुढे या माणसाचे काम यंत्राकडे गेले. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात विलार्ड बंडी या जवाहिऱ्याने १८८८ साली हजेरीचे घड्याळ तयार केले. प्रत्येक कामगाराला क्रमांकाची एकेक किल्ली मिळे. ती घड्याळात फिरवली की क्रमांक आणि वेळ कागदाच्या पट्टीवर छापली जाई. बंडी यांची कंपनी १९०० साली 'इंटरनॅशनल टाइम रेकॉर्डिंग' या कंपनीत मिसळली. तीही १९११ साली अन्य कंपन्यांशी जोडली गेली, आणि त्या जोडकंपनीचे नाव १९२४ साली आयबीएम असे झाले. म्हणजे संगणकयुगातील एका बलाढ्य कंपनीच्या वंशावळीत हजेरीचे घड्याळ आहे.

हा हिशेब कामगारांनीही शिकून घेतला. वेळेचे मोल मालकांनी शिकवले आणि पुढच्या पिढ्यांनी त्याच वेळेसाठी लढे दिले, असे थॉम्पसन दाखवतात. मुंबईत हीच गोष्ट घडली. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच कामाची वेळ, या तीन मागण्या होत्या. सकाळ घड्याळाची आणि संध्याकाळ सूर्याची! दोन काळ एकाच वाक्यात नांदत असल्याचा याहून बोलका पुरावा आमच्या पाहण्यात नाही. साप्ताहिक सुटी मिळायला पुढे १८९० साल उजाडावे लागले.

आतापर्यंतची घड्याळे दुसऱ्याने लावलेली होती. लेखकाने ते स्वतःवर लावल्याचे प्रसिद्ध उदाहरण अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराचे. टपाल खात्याची नोकरी सांभाळून तो पहाटे साडेपाचला लिहायला बसे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे लेखन वाचण्यात जाई. मग समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द. आठवड्यांच्या रकाने आखलेल्या वहीत रोजची पाने नोंदलेली असत, आणि ज्या दिवशी काही लिहिले नाही तो दिवसही तेथे उघडा पडे. ट्रोलपच्या मृत्यूनंतर १८८३ साली त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि हा हिशेब जगजाहीर झाला, तेव्हा त्याच्या वाङ्मयीन कीर्तीला धक्काच बसला. प्रतिभेने मस्टरवर सही करावी, हे रसिकांना रुचले नाही. ट्रोलपने मोजली ती मात्र पाने. मनात कथा घोळवत घालवलेल्या तासांना त्याच्या वहीत रकाना नव्हता.

या वंशातील पुढची पायरी ईमॅक्समध्ये सापडते. या संपादकाचा जन्म १९७६ साली एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाला; आज चालते ती जीएनयू आवृत्ती रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात सिद्ध केली. जॉन वीगली यांनी लिहिलेली 'टाइमक्लॉक' ही सोय तीत पुढे आली. ती हजेरीच्या घड्याळाची सरळ वारसदार होती : येण्याजाण्याच्या नोंदी एका स्वतंत्र फायलीत, म्हणजे जणू फाटकावरच्या वहीत, जमा होत. ॲमस्टरडॅम येथील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ साली ऑर्ग मोडचा आरंभ केला तो टिपणे आणि कामे एकाच साध्या मजकुरात सांभाळण्यासाठी. २००७ साली तो ईमॅक्सच्या बाविसाव्या आवृत्तीत समाविष्ट झाला. यातील घड्याळाने फाटकावरची वही मोडीत काढली. नोंद थेट कामाच्या शीर्षकाखाली, टिपणांच्या आणि मसुद्याच्या शेजारी येऊन बसली. आणि ती साधा मजकूरच असल्यामुळे लिहिणारा तिच्यात अक्षरशः हात घालू शकतो : वेळ बदलू शकतो, ओळ पुसू शकतो. क्राउलीच्या कारखान्यात ज्या काट्यांना शिवण्याची मनाई होती, ते काटे येथे कामगाराच्याच बोटाखाली आहेत.

म्हणून ऑर्ग मोडचा एक प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. ती सोय सुरू ठेवली असेल आणि घड्याळ चालू असताना कळफलक बराच वेळ शांत राहिला, तर परतल्यावर संपादक विचारतो : या रिकाम्या मिनिटांचे काय करायचे? ती कामात धरायची, वजा करायची, की ही नोंदच रद्द करायची? यंत्राला बोटे थांबलेली कळतात. ती झोपेने थांबली, चहासाठी थांबली, की एका शब्दापाशी अडली, हे त्याला कळत नाही. क्राउलीच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर आधीच छापलेले होते. येथे ते दर वेळी लिहिणाऱ्याने द्यायचे आहे, आणि विचार हे काम आहे की नाही, याचा निवाडा त्यातच होतो.

हा निवाडा अध्यापकांच्या परिचयाचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० सालच्या नियमावलीने अध्यापकाचा आठवडा किमान चाळीस तासांचा ठरवला आणि त्यातील सोळा तास साहाय्यक प्राध्यापकाच्या प्रत्यक्ष अध्यापनाचे. वेळापत्रकावर दिसतात ते हे सोळा. उत्तरपत्रिका तपासणे, उद्याच्या तासासाठी एखादी कविता चौथ्यांदा वाचणे, हे उरलेल्या चोविसांत. आणि ते तेथे होते हे सिद्ध करायला अध्यापकाच्या हाती सहसा काहीच नसते.

घड्याळाची ओळ कोणाच्या वहीत आहे, यावर तिचा अर्थ ठरतो, एवढेच या इतिहासातून आम्ही काढतो. तीच ओळ उद्या एखाद्या कचेरीने दरमहा सादर करायला सांगितली, तर साडेतेरा तासांच्या निव्वळ चाकरीपासून ती फार दूर राहणार नाही. थांबलेल्या बोटांबद्दलचे उत्तरही मग कचेरीच देईल. पण स्वतःच्या फायलीत, स्वतःच्या निवाड्याने ठेवलेली नोंद वेगळी. वाचनात गेलेला तास तिच्यात वजा न होता जमेला धरता येतो, आणि कामाच्या तासांविषयी उद्या काही मागायची वेळ आली, तर पुढे ठेवायला आपल्या हातचा हिशेब असतो.