जमिनीवरचे विमान

९ डिसेंबर २०१७ रोजी गिरगाव चौपाटीच्या पाण्यावर एका छोट्या विमानाची चाचणी झाली. कोडियाक जातीचे हे विमान पाण्यावर उतरणारे होते आणि त्याच्या नाकावर एकच प्रॉपेलर होता. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला ते जुन्या धाटणीचे पंख्याचे विमान वाटले असेल. पण त्या पंख्यामागे झोतविमानाच्या जातीचे इंजिन फिरत होते. अशा विमानाला टर्बोप्रॉप म्हणतात. आज हेच यंत्र घरच्या संगणकाच्या पडद्यावर चालवायला शिकता येते. हा खेळ आहे की शिक्षण, हा प्रश्न आम्हां काही शिक्षक-मित्रांना पडला आणि त्याचे उत्तर शोधताना आम्ही विमानशिक्षणाच्या इतिहासात शिरलो.

गिरगाव चौपाटी आणि विमान म्हटले की शिवकर बापूजी तळपदे यांचे १८९५ सालचे उड्डाण सांगितले जाते. त्याचा तपासून पाहता येईल असा समकालीन पुरावा मिळालेला नसल्यामुळे ते येथे बाजूला ठेवू. त्याच्याही आधी, १८७७ साली, जोसेफ लिन हा बलूनवाला लालबागच्या बागेतून वर गेला आणि दादरला उतरला, अशी नोंद आढळते. दादरला उतरायचे हे त्याने ठरवले नव्हते. ते वाऱ्याने ठरवले. बलूनमध्ये वर जाणे आणि खाली येणे एवढेच माणसाच्या हाती असते. विमानाला मात्र सुकाणू आले, दांडे आले. जेथे दांडा आला तेथे चूक आली आणि ती आकाशात फार महाग पडते. मग चुका करायच्या कोठे?

मुंबईत १९२८ साली जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. तेव्हा शिकण्याची रीत एकच होती. शिक्षकासोबत वर जायचे, हात बसला की एकट्याने जायचे. पेट्रोल जळत असे, पैसा जळत असे. परळच्या गिरणी कामगाराच्या मुलाला जुहू आगगाडीने फार लांब नव्हते, पण खिशाने फारच लांब होते.

ऑर्गनच्या कारखान्यातून

याच सुमारास अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या तरुणाला हीच अडचण होती. उडायला शिकणे त्याला परवडत नव्हते. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो तयार करण्याचा कारखाना होता. आपल्या संगीत नाटकांत साथीला असणारा पायाचा ऑर्गन वाचकांना आठवत असेल. हाताच्या पेटीत भाता हवा बाहेर ढकलतो, तर त्या ऑर्गनमध्ये भाता हवा ओढून घेतो. लिंकने अशाच हवा ओढणाऱ्या भात्यांवर लाकडी पेटीसारखे विमान बसवले. आत बसलेल्याने दांडा डावीकडे नेला की एका बाजूच्या भात्यातली हवा ओढली जाई आणि पेटी डावीकडे कले. १९२९ साली हे यंत्र तयार झाले. विमानशाळांना त्याचे फारसे कौतुक वाटले नाही. सुरुवातीला ते गेले जत्रेतल्या पाळण्यांच्या रांगेत!

१९३४ साली चित्र पालटले. अमेरिकी सरकारने टपाल नेण्याचे काम सैन्याच्या वैमानिकांकडे दिले. हिवाळ्याचे दिवस, ढग, धुके आणि रात्र. थोड्याच आठवड्यांत अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. ही माणसे विमान चालवण्यात कच्ची नव्हती, पण बाहेरचे काही न दिसता केवळ तबकड्यांवर पाहून उडण्याचे शिक्षण त्यांना पुरेसे मिळालेले नव्हते. त्यानंतर सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी हजारो यंत्रे तयार झाली.

कान कसा फसवतो?

ढगात शिरल्यावर कसबी वैमानिक का चुकावा? कारण तोल सांभाळणारा आपला अवयव अंतर्कर्णात आहे. तेथे तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव असतो. डोके वळले की नलिका वळते, पण द्रव क्षणभर मागे राहतो. या फरकावरून मेंदूला वळण कळते. वळण एकाच वेगाने पंधरा-वीस सेकंद चालू राहिले, तर द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो आणि वळण्याची जाणीव नाहीशी होते. मग वळण थांबले की उलट दिशेला वळल्याचा भास होतो.

हा प्रयोग वर्गात करून पाहता येतो. फिरत्या खुर्चीवर विद्यार्थ्याला डोळे मिटून बसवावे. खुर्ची सावकाश, एकाच वेगाने फिरवावी आणि ती कोणत्या दिशेला फिरते आहे ते त्याला अंगठ्याने दाखवायला सांगावे. काही वेळाने अंगठा डगमगू लागतो. खुर्ची थांबवली की तो बहुधा उलट दिशा दाखवतो. बाजूला दोघांना उभे ठेवावे, म्हणजे तोल गेल्यास मूल सावरता येईल.

लिंकच्या पेटीचा पहिला धडा हाच होता: ढगात अंगावर विश्वास ठेवू नका, तबकडीवर ठेवा. मात्र हा धडा अर्धाच आहे. उरलेला अर्धा मुंबईने फार मोठी किंमत देऊन शिकला.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईला निघाले. उड्डाणानंतर ते उजवीकडे वळले आणि पुन्हा सरळ झाले. पण कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमानाचा कल दाखवणारे उपकरण, बिघडले होते. ते विमान उजवीकडे कललेलेच दाखवत राहिले. खाली काळोखा समुद्र होता, बाहेर क्षितिज दिसत नव्हते. कॅप्टन विमान डावीकडे, आणखी डावीकडे झुकवत गेले. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २१३ माणसे गेली. सहवैमानिकासमोर तसेच दुसरे उपकरण होते आणि तिसरे मध्यभागी होते. अभियंत्याने सावधही केले, पण तोवर वेळ उरला नव्हता.

म्हणून पुरा धडा असा: अंगावर विश्वास नको आणि एकट्या तबकडीवरही नको. एक तबकडी दुसरीशी ताडून पाहावी.

पडद्यावरचे टर्बोप्रॉप

आता घरच्या संगणकाकडे येऊ. ब्रूस आर्टविक यांनी ॲपल संगणकासाठी केलेला उड्डाणाचा कार्यक्रम १९८० च्या सुमारास विक्रीला आला. १९८२ साली मायक्रोसॉफ्टने त्याची आवृत्ती बाजारात आणली. पुढे लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जोडण्याचे दिवस आले आणि विमान चाळीतल्या खोलीतही शिरले.

आम्ही शिकायला घेतले ते सेस्ना कॅरॅव्हॅन. त्याचे आणि चौपाटीवरच्या कोडियाकचे इंजिन एकाच कुळातले. या इंजिनात हवा दाबली जाते, तीत इंधन जळते आणि तापलेला वायू चक्रीची पाती फिरवतो. पहिली चक्री हवा दाबणाऱ्या भागाला फिरवते. पुढची वेगळी चक्री दंतचक्रांमार्फत प्रॉपेलर फिरवते. या दोन चक्र्या एकमेकींना जोडलेल्या नसतात, त्यांच्यामध्ये असतो तो केवळ वायू. टेबलपंख्यासमोर भिरभिरे धरले तर पंख्याचा दांडा भिरभिऱ्याला न लागताही ते फिरते, तसेच हे.

इंजिन सुरू करणे हीच पहिली परीक्षा. स्टार्टर लावायचा आणि थांबायचे. हवा दाबणारा भाग पूर्ण वेगाच्या बारा-चौदा टक्क्यांपुढे गेला की मगच इंधनाचा दांडा पुढे करायचा आणि नजर तापमानाच्या काट्यावर ठेवायची. घाई केली तर इंधन जास्त आणि हवा कमी होते. ही हवा केवळ जळणासाठी नसते, ती ज्वाळेला थंड ठेवण्याचेही काम करते. ती अपुरी पडली की चक्रीची पाती खराब होतात. काटा मर्यादेकडे धावू लागला तर इंधन तत्काळ बंद करायचे. आमच्यापैकी बहुतेकांनी पहिल्या दिवशी घाईच केली. खऱ्या विमानात त्या घाईची किंमत लाखांत गेली असती; येथे एक कळ दाबून इंजिन नवे झाले.

मग आम्ही एक प्रयोग केला. एकाने विमान ढगात न्यायचे आणि दुसऱ्याने त्याला न सांगता कृत्रिम क्षितिज बिघडवायचे. कार्यक्रमात तशी सोय असते. उपकरण हळूहळू कलू लागले आणि चालवणारा विमान उलट दिशेला झुकवू लागला. होकायंत्राचा आकडा सरकत होता, उंची घटत होती, पण त्याची नजर एकाच तबकडीला चिकटली होती. पहिल्या फेरीत आम्ही सगळेच समुद्रात गेलो. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून नजर फिरू लागली: क्षितिज, वळणदर्शक, दिशा, उंची, पुन्हा क्षितिज. क्षितिज 'डावीकडे कल आहे' म्हणते आणि दिशा तर स्थिर आहे, म्हणजे दोघांपैकी एक खोटे बोलते आहे. तिसऱ्याला विचारा!

घरच्या सिम्युलेटरची मर्यादाही येथेच दिसते. खुर्ची हलत नाही, त्यामुळे कान फसत नाही. खऱ्या ढगात अंग एक सांगते आणि तबकडी दुसरेच, ती ओढाताण येथे नाही. जमीन जवळ येताना हाताला लागणारा जोर कळत नाही. येथे घालवलेले तास परवान्यासाठी धरलेही जात नाहीत. शिवाय ही पेटी फार क्षमाशील आहे. चूक झाली की पुन्हा सुरुवात करता येते, आणि आपण का चुकलो ते न विचारताच विद्यार्थी पुढे जातो.

यावर आम्ही एक साधा उपाय केला. पडद्याशेजारी वही ठेवली. विमान कोसळले की खेळ बंद, आणि आधी तीन ओळी लिहायच्या: कोणती तबकडी पाहिली, कोणती पाहिली नाही, कोणती खोटी होती. लिहून झाल्याशिवाय पुन्हा उड्डाण नाही. मुलांना पहिल्या दिवशी हे जाचक वाटले. दुसऱ्या आठवड्यात प्रयोगशाळेत एका मुलीचा तापमापक शेजारच्या गटाच्या तापमापकापेक्षा चार अंश जास्त दाखवू लागला. तिने आकडा तसाच उतरवून घेतला नाही. ती तिसरा तापमापक मागायला आली.