आभाळाच्या हद्दी

टोकावड्याहून माळशेजच्या रस्त्याला लागलं, की वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची वाट फुटते. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. वर-खाली जाणाऱ्या मालावरची जकात या रांजणात टाकीत, असं आपल्याकडे परंपरेने सांगतात. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा ही वाट कोणाची आणि इथून जायचं तर कोणाला विचारायचं, हा प्रश्न माणसाला पडलेला होताच.

आज याच सह्याद्रीवरून विमानं मुंबईकडे उतरतात. त्यांच्याही वाटा ठरलेल्या असतात. फक्त त्या आपल्याला दिसत नाहीत. त्या वाटांवर नाकी आहेत, हद्दी आहेत, आणि हद्दी आल्या म्हणजे तंटे आलेच. शेताच्या बांधावरून होणारे तंटे आपल्याला नवे नाहीत. आभाळातल्या बांधांची हकीकत मात्र थोडी वेगळी आहे.

युरोपातल्या जुन्या कायद्यात असं मानीत, की जमीन ज्याची, तिच्यावरचं आभाळही त्याचंच, अगदी वरपर्यंत. माणूस उडत नव्हता तोवर या समजुतीने कोणाचं काही बिघडलं नाही. विमान आलं आणि घोटाळा झाला. मुंबईहून दिल्लीला जाताना वाटेतल्या प्रत्येक खातेदाराची संमती कशी घ्यायची? १९१९ साली पॅरिसच्या करारात आणि पुढे १९४४ साली शिकागोच्या करारात राष्ट्रांनी ठरवून टाकलं, की देशावरच्या आकाशाची सत्ता त्या देशाची. आपल्याकडे १९३४ च्या विमान कायद्यात कलमच होतं, की वाजवी उंचीवरून विमान गेलं, तर केवळ तेवढ्यावरून अतिक्रमणाचा दावा चालणार नाही. त्या कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली आहे.

पण ‘वाजवी उंची’ म्हणजे किती? याचं एक उदाहरण अमेरिकेत घडलं. कॉझबी नावाचा एक शेतकरी कोंबड्या पाळीत असे. महायुद्धात शेजारच्या विमानतळावर लष्करी विमानं येऊ लागली. ती त्याच्या खुराड्यांवरून इतकी खालून जात, की कोंबड्या भेदरून भिंतींवर आपटून मरत. अशा दीडशेच्या आसपास कोंबड्या गेल्या आणि धंदा बसला. १९४६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, अनंत उंचीपर्यंत मालकी ही कल्पना आता चालायची नाही. दुसरी, जमिनीच्या उपभोगाला लागून असलेलं आभाळ मात्र मालकाचंच आहे, आणि सरकारने ते वापरलं तर भरपाई दिली पाहिजे. शिक्षक मित्रांनी हा निकाल मुलांना जरूर सांगावा. वरचं आभाळ सर्वांचं आणि खालचं घरधन्याचं, ही वाटणी त्यात स्वच्छ दिसते.

आता आपल्या जवळची गोष्ट पाहू. १९२८ साली मुंबईत जुहूचा विमानतळ सुरू झाला. देशातला हा पहिला नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे उतरले ते इथेच. विमानतळ म्हणायचं एवढंच. पावसाळ्यात मैदान चिखलात जाई आणि सगळा कारभार पुण्याला न्यावा लागे. दुसऱ्या महायुद्धात जवळच सांताक्रुझला मोठी धावपट्टी झाली, आणि युद्धानंतर प्रवासी विमानं तिकडे गेली. जुहूला उरली ती लहान विमानं, उड्डाण क्लब, आणि पुढे समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरं.

दोन विमानतळ इतके जवळ, की वैमानिकांचीसुद्धा गफलत झाली. जुलै १९५३ मध्ये इंग्रजांचं कॉमेट जातीचं जेट विमान सांताक्रुझ समजून जुहूलाच उतरलं. ते पुन्हा उडवायला काही दिवस गेले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपानचं मोठं विमान तसंच चुकून जुहूला उतरलं आणि धावपट्टी संपली तरी थांबेना. विमान निकामी झालं. सुदैवाने प्राण कोणाचे गेले नाहीत.

मोठ्या विमानतळाभोवती जे नियंत्रित आकाश असतं, त्याचा आकार कसा असतो? आपल्या घरातली मडक्यांची उतरंड आठवा. ती मनातल्या मनात उलटी करा. जमिनीजवळ लहान घेर, आणि वर जाऊ तसा मोठा. विमान दुरून उंचावरून येतं आणि जवळ येता येता खाली उतरतं, म्हणून घेर वर मोठा लागतो. त्या घेरात शिरायचं तर मनोऱ्यात बसलेल्या नियंत्रकाची परवानगी पाहिजे. किती उंचीवर राहायचं, कोणत्या दिशेने वळायचं, हे तो सांगणार.

जुहू या उलट्या उतरंडीच्या ऐन बुडाशी आले. पहिला मान जुहूचा, पण आपल्याच डोक्यावरच्या आभाळात ते कूळ होऊन राहिले. लहान विमानवाल्यांचं म्हणणं असतं, की आम्ही आधीपासून आहोत, आम्हालाही उडायला जागा हवी. मोठ्या विमानतळाचं म्हणणं, की शेकडो प्रवाशांची विमानं मिनिटामिनिटाला उतरत असताना मध्येच लहान विमान आलेलं परवडत नाही. दोघांचंही खोटं नाही. पण गर्दी ज्याची, शब्द त्याचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईच्या मोठ्या विमानतळावर आणखी एक पाऊल टाकलं गेलं. गर्दीच्या तासांतली उड्डाणं तासाला ४६ वरून ४४ वर आणली, आणि उद्योगपतींच्या खाजगी विमानांवरची रोजची बंदी चार तासांवरून आठ तासांवर नेली. पैसा असला म्हणून आभाळात रांग मोडता येत नाही, हेही यात आलं.

हा तंटा केवळ विमानवाल्यांचा नाही, घरवाल्यांचाही आहे. विमान उतरण्याच्या वाटेखाली इमारतीची उंची ठरवून दिलेली असते. मुंबईत त्याला ‘फनेल झोन’ म्हणतात. विलेपार्ले, सांताक्रुझ, कुर्ला या भागांत मोडकळीला आलेल्या कित्येक जुन्या इमारती नव्याने बांधायच्या तर मजले वाढवता येत नाहीत, म्हणून बिल्डर पुढे येत नाही. आणि माणसं तडे गेलेल्या भिंतींत दिवस काढतात. दुसरीकडे नियम मोडून उंच बांधणारेही निघाले. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाला अशा ४८ बांधकामांबाबत जिल्हाधिकाऱ्यांना आदेश द्यावा लागला. नियम पाळणारा अडकतो आणि मोडणाऱ्याची दाद कोर्टात लागायला वर्षं जातात, ही खरी दुखण्याची जागा आहे.

मग एवढं नियंत्रण हवंच कशाला, असं कोणी म्हणेल. त्याचं उत्तर आपल्या डोंगरांनीच दिलेलं आहे. ७ जुलै १९६२ च्या रात्री इटलीचं प्रवासी विमान बँकॉकहून मुंबईला येत होतं. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत अशा समजुतीने ते लवकर खाली उतरू लागलं आणि जुन्नरच्या बाजूच्या डोंगरावर आदळलं. ९४ माणसं गेली. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेतच एकमेकांवर आपटली आणि ३४९ माणसं गेली. एक विमान दिलेल्या उंचीच्या खाली आलं होतं, हे कारण होतंच. पण दिल्लीभोवतालचं बरंचसं आकाश हवाई दलाच्या ताब्यात, म्हणून येणारी आणि जाणारी विमानं एकाच अरुंद वाटेने जात, हेही तेव्हा सर्वांच्या लक्षात आलं. आभाळाची वाटणी चुकली, की किंमत अशी द्यावी लागते. तेव्हा हद्दी हव्यात, यात शंका नाही. त्या आखताना खालच्या माणसाला कोणी विचारतं का, एवढाच प्रश्न आहे.

या प्रश्नाचं कडू उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. कल्याणजवळ नेवाळीला महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपलं, विमानं गेली, आणि शेतकरी पुन्हा तिथे नांगर धरू लागले. कागदावर मात्र जमीन सरकारचीच राहिली. नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली, तेव्हा २२ जून २०१७ रोजी लोक रस्त्यावर आले. गाड्या जळल्या, शेतकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले. पंचाहत्तर वर्षांपूर्वी न मिटवलेला व्यवहार नातवंडांच्या अंगावर आला.

आणि आता आभाळ गावाच्या आणखी जवळ आलं आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोनने होते. फवारणीचे ड्रोनही शेतात दिसू लागले आहेत. त्यांच्यासाठी २०२१ साली नियम झाले. नकाशावर हिरवा, पिवळा आणि तांबडा असे पट्टे आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई नियंत्रकाची लागते, तांबड्यात केंद्र सरकारची. विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवा, त्याच्या वर पिवळा. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून चालू झाला आहे. अशा हद्दी पुढेही वाढत जाणार.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की भूगोलाच्या तासाला जमिनीच्या नकाशाशेजारी हा आभाळाचा नकाशाही मुलांना दाखवा. तो सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. आणि ग्रामसभेत एखाद्या प्रकल्पासाठी जमिनीचा विषय निघाला, तर जमीन किती जाणार एवढंच विचारून थांबू नका. वरच्या आभाळाचं काय ठरलं आहे, घर किती उंच बांधता येईल, काम संपल्यावर जमीन कोणाची, हेही विचारा आणि उत्तर लेखी घ्या. नेवाळीच्या आज्या-पणज्यांना हे विचारायची सोय नव्हती. आपल्याला आहे.