अगरूचा स्वभाव

वसंतातल्या व्याख्यानाला अगरूचा विषय घेणे हा खरे म्हणजे ऋतूचा अपराध आहे. हे दिवस मोगऱ्याचे, वाळ्याचे, चंदनाच्या उटीचे. अगरूचा मान थंडीत. चरकसंहितेने हेमंतात अंगाला अगरूचा दाट लेप लावावयास सांगितले आहे, आणि उन्हाळ्यात चंदनाचा. ही वाटणी नुसत्या नाकाने केलेली नव्हे, कातडीने केलेली आहे. आज केशर, लवंग, वेलदोडा यांच्या संगतीत ‘ऊद’ या नावाने जे उंची अत्तर विकले जाते, त्याचा स्वभाव ओळखावयाचा तर ही खूण आधी पदरी बांधावी. हा गंध फुलांच्या कुळातला नाही. शेकोटीच्या कुळातला आहे.

नावाचा घोटाळा प्रथम निस्तरू. आपल्या घरी तिन्हीसांजेला निखाऱ्यावर ऊद घालतात तो बहुधा वेगळ्याच झाडाचा डिंक असतो. अरबीत ‘ऊद’ म्हणजे साधे लाकूड. तो शब्द आपल्याकडे आला आणि दुसऱ्याच पदार्थाच्या घरी राहिला. उदबत्तीतही तोच आहे. अरबांचा ऊद म्हणजे आपला अगरू. संस्कृत कानाला ‘अगुरु’ म्हणजे जड नसलेला, आणि उत्तम अगरूची परीक्षा मात्र अशी, की तुकडा पाण्यात टाकला तर तळाला जावा! चिनी लोकांनी त्याचे नावच ‘बुडणारा सुगंध’ असे ठेवले आहे.

पण दोन्ही नावे खरी आहेत. आसामपासून मलाया-सुमात्रापर्यंतच्या रानांत वाढणाऱ्या या झाडाचे निरोगी लाकूड पांढुरके, हलके असते आणि त्याला म्हणावा असा वास नसतो. कीड खोड पोखरते, वाऱ्याने फांदी मोडते, त्या वाटेने बुरशी आत शिरते. मग झाड स्वतःच्या रक्षणासाठी जखमेभोवती काळपट राळ साठवू लागते. वर्षानुवर्षे हे चालते. ती राळभरली गाठ म्हणजे अगरू. हलके लाकूड जड होते ते दुखण्यामुळे.

या गाठीची पारख आपल्या देशात किती जुनी आहे, ते कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दिसते. राजाच्या कोठारात रत्नांबरोबर काय घ्यावे, या प्रकरणात अगरू आहे. काळा, ठिपक्यांचा, समुद्रापलीकडून येणारा असे प्रकार सांगून तो गुण मोजतो: वजनाला जड, हाताला स्निग्ध, वास दूरवर पसरणारा, आगीत टिकणारा, धुराचा लोट न करणारा, घासल्यावरही न जाणारा. ही यादी कवीची नव्हे, कोठीवाल्याची आहे, म्हणूनच आम्हांस ती अधिक विश्वासाची वाटते. सातव्या शतकात कामरूपच्या भास्करवर्म्याने हर्षाला ज्या भेटी पाठवल्या त्यांत काळ्या अगरूचे तेल होते आणि अगरूच्या सालीवर लिहिलेले ग्रंथही होते, असे बाण सांगतो. एकाच झाडाच्या सालीवर सुभाषिते आणि पोटात सुगंध!

आता मसाल्याकडे येऊ. आजचा गिऱ्हाईक समजतो, की अगरूत मसाला मिसळणे ही अरबांची किंवा पॅरिसची कल्पना. पॅरिसच्या ईव्ह सँ लोराँ या पेढीने आपले ऊदाचे अत्तर काढले ते २००२ साली. आणि सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीचे प्रकरण लिहिले, त्यात सोळा द्रव्यांचा एक तक्ता आहे. अगरू, चंदन, कापूर, वाळा यांच्या शेजारी त्यात धनेही बसले आहेत. त्यांतली चार-चार द्रव्ये निरनिराळ्या प्रमाणांत घेतली तर १,७४,७२० गंध होतात, असा हिशेब त्याने दिला आहे. इतके गंध कोणी कधी हुंगले नसतील हे उघड आहे. तो ज्योतिषी होता, आकडा दिसला की त्याला राहवत नसे. अमरकोशातल्या ‘यक्षकर्दम’ या उटीतही कापूर, अगरू, कस्तुरी यांच्या जोडीला कंकोळ आहे, म्हणजे मिरीचा भाऊबंदच.

असे व्हावयाचेच होते, कारण सुगंध आणि मसाला विकणारा माणूस एकच होता. त्याला गंधिक म्हणत. कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर दाराकडे लक्ष द्या; धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने त्या दाराचे दान केल्याचे तिथे कोरलेले आहे. पुढे चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासात लेप आणि धूप हे राजाच्या भोगांत गणले गेले. विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी फारसीत अत्तरांवर स्वतंत्र ग्रंथ झाला. आणि आपल्याला विशेष अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे ‘गंधवाद’ नावाची एक संस्कृत पोथी, जिच्यावर जुनी मराठी टीका आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. गंध कसा वाटावा, कसा भिजवावा, कसा धुपवावा हे आपल्या भाषेत कोणीतरी कोणाला तरी शिकवीत होते.

त्या अत्तराचा स्वभाव शब्दांत सांगणे अवघड, पण प्रयत्न करतो. मुंबईत एका अत्तरवाल्याने आमच्या मनगटावर काचेच्या कांडीने एक थेंब लावला. पहिल्या क्षणी आम्ही हात मागे घेतला. तबेला, ओले कातडे, वैद्याच्या दुकानातला काढा, असे काहीसे नाकात गेले. मग लवंग तिखट झाली, मागून केशराचा कडवट गोडवा आला. घरी पोचेतो वास निवळला होता. रात्री तो जुन्या शिसवी पेटीत ठेवलेल्या शालीसारखा झाला, आणि सकाळी अंघोळीनंतरही थोडा होताच. मोगरा भेटताक्षणी हसतो आणि दुपारी सुकतो. हा गृहस्थ आधी कपाळाला आठी घालतो. त्याची श्रीमंती मिरवण्याची नाही, दार लावून बसण्याची आहे. म्हणून चारचौघांत तो भडक लावणारे आम्हांस अरसिक वाटतात.

रानातला की बागेतला, असे आम्ही त्या दुकानदारास विचारले. तो नुसता हसला. त्या हसण्यामागची हकीकत चांगली नाही. आत गाठ आहे की नाही, हे बाहेरून खात्रीने कळत नाही. म्हणून लाकूडतोड्यांनी निरोगी झाडेही सरसकट पाडली. १९९५ पासून आसामातल्या जातीच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये निर्बंध आहेत, तरी २०१८ साली तिची गणना अतिशय धोक्यात आलेल्या जातींत करावी लागली. आसामात लोक आता परसात आणि बागांत अगरू लावतात. किडीची वाट पाहावयास वेळ कोणाला? खोडाला भोके पाडून बुरशी आत सोडतात. झाड बिचारे राळ तीच करते. पण पारखी म्हणतात, जुन्या गाठीची खोली तिला नाही. ही जुनी खोली ओळखणारी नाके आणखी एका पिढीनंतर कुठे असतील, हा प्रश्न आम्हांस झाडाइतकाच सतावतो.

आखातातल्या घरांतून जेवण उरकले की अगरूचे धुपाटणे पाहुण्यांपुढे फिरवतात. पाहुणा कपडे धुपवतो आणि निघतो. त्यानंतर बसावयाचे नसते. आपल्याकडेही अत्तरगुलाब आणि पानसुपारी फिरली की दरबार उठला असे समजत. आज आम्ही अगरू आणलेला नाही, उन्हाळा आहे. दाराशी गुलाबदाणी तेवढी ठेवली आहे.