गुन्हेगारी नोंदींची देवाणघेवाण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (मराठवाड्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :
गुन्हेगाराची पूर्वपीठिका एका यंत्रणेने दुसऱ्या यंत्रणेस कळविणे ही आधुनिक न्यायव्यवस्थेची गरज आहे. परंतु ही नोंद कोणाची, किती काळासाठी आणि कोणाच्या हाती, हे प्रश्न तितकेच महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत लेखात पालम व परभणी परिसराच्या पार्श्वभूमीवर या प्रश्नांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

संस्थानी काळ व वसाहतकालीन कायदे :
गोदाकाठचा पालम परिसर सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. परभणी जिल्ह्याच्या उत्तरेस वऱ्हाड हा 1853 पासून इंग्रजी प्रशासनाखालील प्रांत होता. हद्द ओलांडणाऱ्याची माहिती दोन राजवटींनी परस्परांना देणे त्यामुळे आवश्यक ठरले. कर्नल स्लीमन यांच्या ठगी खात्याने माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या एकत्र करून अशा देवाणघेवाणीचा पाया घातला. 1904 मध्ये या खात्याची जागा केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता विभागाने घेतली.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदीचे स्वरूपच पालटले. व्यक्तीच्या कृत्याऐवजी तिचा जन्म नोंदवहीत आला. 1911 मध्ये हा कायदा मुंबई इलाख्यासही लागू करण्याची तरतूद झाली. हजेरी, प्रवासाचा परवाना व बोटांचे ठसे यांत संपूर्ण कुटुंबे अडकली. 1897 मध्ये कलकत्त्यात अंगुलीमुद्रा केंद्र सुरू झाल्याने ओळख पटविणे सुलभ झाले. 1920 च्या कैदी ओळख कायद्याने मोजमापे घेण्यास अधिकृत आधार दिला.

स्वातंत्र्योत्तर स्थिती :
31 ऑगस्ट 1952 रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला व या जमाती 'विमुक्त' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. तथापि 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. कायद्याच्या शब्दांतून जमात वगळली गेली, तरी पारध्यांसारख्या समाजाकडे पाहण्याची संशयी दृष्टी सहजासहजी बदलली नाही. कायदा रद्द करता येतो. नोंदवहीने घडविलेली सवय रद्द करणे कठीण असते.

वर्तमान नियम :
1986 मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला. 2009 मध्ये मंजूर झालेल्या संगणकीय जाळ्याने देशभरातील पोलीस ठाणी जोडण्याचे काम हाती घेतले. पालमसारख्या तालुक्याच्या ठिकाणची नोंदही आता दूरच्या राज्यात पाहता येते. 1920 च्या कायद्याच्या जागी आलेल्या 2022 च्या कायद्यानुसार मोजमापांच्या नोंदी 75 वर्षे जतन होतात व त्या इतर अंमलबजावणी यंत्रणांना देता येतात. पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती खटल्याविना सुटली, दोषमुक्त झाली वा निर्दोष ठरली, तर सर्व कायदेशीर मार्ग संपल्यावर तिच्या नोंदी नष्ट करावयाच्या असतात; न्यायालय मात्र सकारण वेगळा आदेश देऊ शकते. 7 मे 2024 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचे हिस्ट्रीशीट हा अंतर्गत दस्तऐवज असल्याचे स्पष्ट केले आणि मागास व वंचित समाजातील निरपराध व्यक्तींची नावे त्यात यांत्रिकपणे नोंदविली जाण्याबाबत चिंता व्यक्त केली.

निष्कर्ष :
नोंदी गोळा करण्याचे व पाठविण्याचे नियम नेहमी आधी आले. त्या पुसण्याचे नियम फार उशिरा आले. हजेरीची वही एका गावापुरती होती, आजची नोंद देशभर फिरते. म्हणूनच चुकीची नोंद दुरुस्त होण्याचा वेगही तितकाच असणे, हीच या इतिहासाची शिकवण होय.