आधी कोनशिला, मग आर्किटेक्ट : अग्निशामक केंद्राच्या निमित्ताने थोडा इतिहास

मंडळाच्या मागच्या बैठकीत एक साधाच विषय निघाला. शहर दक्षिणेकडे वाढत चाललंय, आज ना उद्या अनगोळ-वडगाव भागात नवीन अग्निशामक केंद्राची मागणी होणारच. जागा कुठली, निधी कुणाचा, उद्घाटनाला कोण येणार, यावर तासभर चर्चा झाली. घरी येताना लक्षात आलं की एक प्रश्न कुणीच विचारला नाही, मीही नाही. त्या इमारतीचा नकाशा कोण काढणार, आणि त्या माणसाची निवड कोण आणि कशी करणार?

मी शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनीअर. इतिहास नोकरीच्या धबडग्यात, रविवारी वाचून वाचून शिकलो. त्यामुळे इमारतीकडे बघताना मला आधी शैली दिसत नाही, काम दिसतं. आणि आगीच्या बंबाचं काम मी एकदा जवळून बघितलंय. पंचवीसेक वर्षं झाली असतील. अनगोळच्या एका गल्लीत फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवणारी शेड पेटली. बंब शहरातून निघाला, पण वाटेत रेल्वे गेट पडलेलं. गेट उघडून बंब गल्लीच्या तोंडाशी आला तर वळेना. माणसं उतरली, होजपाइप खांद्यावर घेऊन पळाली. त्यांनी कसूर केली नाही. शेड मात्र गेली. तेव्हापासून मला वाटतं की अग्निशामक केंद्राची अर्धी रचना इमारतीच्या बाहेरच असते. ते केंद्र कुठं आहे, आणि तिथून निघालेला बंब कुठल्या रस्त्याने जाणार, ही ती अर्धी रचना.

आता इतिहासाकडे वळू. सार्वजनिक इमारतीसाठी आर्किटेक्ट निवडण्याचं आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे मुंबई महापालिकेची इमारत. बोरीबंदरसमोर दोन रस्त्यांच्या बेचक्यात उभी असलेली ती इमारत आपण सगळ्यांनी बघितलेली आहे. तिची कोनशिला डिसेंबर १८८४ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली. गंमत अशी की तेव्हा इमारत कशी असणार हे नक्की नव्हतं. नकाशांसाठी स्पर्धा झाली आणि त्यात रॉबर्ट फेलोज चिझम यांचा आराखडा वरचढ ठरला.

चिझम हे मद्रासचे. तिथल्या प्रेसिडेन्सी कॉलेजची आणि सेनेट हाऊसची कामं त्यांनी स्पर्धा जिंकूनच मिळवली होती. आपल्या भागाशीही त्यांचा एक धागा जुळतो. निपाणीहून कोल्हापुरात गेलं की नवा राजवाडा लागतो, त्याचे आर्किटेक्ट मेजर चार्ल्स मँट. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही मँट यांनीच आखला. १८८१ साली ते वारले आणि ते अर्धवट काम चिझम यांनी पुढे नेलं. म्हणजे माणूस लहानसहान नव्हता. मुंबईसाठी त्यांनी दिलेला आराखडा इंडो-सारासेनिक पद्धतीचा, म्हणजे देशी घुमट-कमानी घेऊन केलेला होता.

पण बांधली गेली ती त्यांची इमारत नव्हे. १८८८ साली काम फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्याकडे गेलं. त्यांचा आराखडा गॉथिक वळणाचा, वर घुमट असलेला. गॉथिक की इंडो-सारासेनिक हा वाद पुस्तकांतून पुष्कळ रंगवलेला आहे. मला मात्र त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. स्टीव्हन्स १८७८ पासून दहा वर्षं त्याच रस्त्यापलीकडे बोरीबंदरचं स्टेशन बांधत होते. तिथं सीताराम खंडेराव यांच्यासारखे देशी इंजिनीअर त्यांच्या हाताखाली होते. कुठला दगड कुठल्या खाणीचा, कुठला गवंडी कुठल्या कामाचा, पावसाळ्यात काय होतं, हे त्यांना नकाशावरून नव्हे तर प्रत्यक्ष कामावरून माहीत होतं.

पुढचे आकडे बघा. एप्रिल १८८९ मध्ये बांधकाम सुरू झालं, ३१ जुलै १८९३ ला संपलं. ठेकेदार व्यंकू बाळाजी कालेवार. मंजूर रक्कम ११,८८,०८२ रुपये, झालेला खर्च ११,१९,९६९ रुपये. म्हणजे ६८,११३ रुपये शिल्लक राहिले! सरकारी कामात मंजूर रकमेतून पैसे उरले हे वाक्य आज कुणाला सांगितलं तर तो हसेल. ही शिल्लक का पडली याचं माझं उत्तर सरळ आहे. निवडलेल्या माणसाला जागेची आणि कारागिरांची ओळख होती. चिझम कमी होते असं नाही. पण कागदावर चांगला नकाशा आणि त्या जागी उभी राहणारी चांगली इमारत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता याच शहरातली आणखी दोन उदाहरणं शेजारी ठेवतो. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय : कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५, आर्किटेक्ट जॉर्ज विटेट यांची स्पर्धेतून निवड १९०९. गेटवे ऑफ इंडिया : कोनशिला ३१ मार्च १९१३, त्याच विटेट यांचा आराखडा मंजूर १९१४, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४. आणि महापालिका : कोनशिला १८८४, आर्किटेक्ट १८८८.

तिन्हीकडे क्रम एकच. आधी कोनशिला, मग आर्किटेक्ट. मोठा पाहुणा गावात आला की दगड बसवून घ्यायचा, नकाशाचं मागून बघू. म्युझियम आणि गेटवे यांचं त्यामुळे काही बिघडलं नाही. विटेट यांच्यासारखा माणूस मिळाला, त्याने आपल्या शेजारच्या विजापूरचा गोल घुमट डोळ्यापुढे ठेवून म्युझियमचा घुमट केला. संग्रहालय शंभर फूट इकडे काय नि तिकडे काय, मूर्ती जागच्या हलत नाहीत. पण अग्निशामक केंद्राच्या बाबतीत हा क्रम महागात पडतो. कारण दगड बसला की जागा ठरली, आणि जागा ठरली की रेल्वे गेटही ठरलं.

केंद्राच्या आत काय काय लागतं हेही आपण फारसं बघत नाही. बंब उभे राहायला मोठ्या दारांचे गाळे. दार उघडल्याबरोबर गाडी थेट रस्त्यावर धडकू नये म्हणून पुढे मोकळी फरसबंदी. मोठ्या बंबाला वळायला ९ मीटरची त्रिज्या धरायची, असं राष्ट्रीय बांधकाम संहितेत आहे. पाण्याची टाकी अशी हवी की बंब मिनिटांत पुन्हा भरला पाहिजे. पूर्वी होजपाइप कॅनव्हासचे असत, ओले गुंडाळले की कुजत. म्हणून ते लोंबकळत वाळवायला उंच मनोरा बांधत, आणि त्याच मनोऱ्यावर शिडीचा सराव चाले. घोड्यांच्या बंबांच्या काळात तर तबेलाही हाताशी लागे. या सगळ्यात माणसं चोवीस तास राहतात. झोपेतून उठून काही सेकंदांत गाडीत बसायचं असतं. जिना कुठं आहे, दिव्याचं बटण कुठं आहे, बूट कुठं ठेवलेत, ही सगळी आर्किटेक्टची कामं आहेत.

ही माणसं काय करतात याची आठवण दरवर्षी १४ एप्रिलला होते. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ हे जहाज पेटलं. त्यात कापसाच्या गासड्या होत्या आणि स्फोटकंही. विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण स्फोटात गेले. देशाचा अग्निशमन सेवा दिन त्यांच्यासाठीच पाळला जातो. अशा माणसांसाठी इमारत बांधताना निदान त्यांना विचारावं तरी.

विचारून बांधलेलं उदाहरण आहे का? आहे, पण ते अमेरिकेत आहे, आणि तिथं जायचा रस्ता चक्क बेळगावातूनच जातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग ठळकवाडीत, म्हणजे आजच्या टिळकवाडीत कारखाना उभा केला. नगरपालिकेला तिथं वसाहत वाढवायची होती, म्हणून त्यांना जागा सोडावी लागली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे याच घराण्यातल्या शंतनुरावांनी १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स सुरू केली. ती डिझेल इंजिनं आपल्या उद्यमबागेतल्या माणसांना नवीन नाहीत. त्या कमिन्सचं मूळ गाव म्हणजे इंडियाना राज्यातलं कोलंबस.

गाव लहान, पण कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांना इमारतींची जाण होती. कंपनीच्या प्रतिष्ठानाने गावापुढे एक प्रस्ताव ठेवला. सार्वजनिक इमारत बांधताना त्रयस्थ जाणकारांनी केलेल्या यादीतून आर्किटेक्ट निवडा, त्याची फी आम्ही देतो. यादीतला कोण घ्यायचा हे मात्र तुम्हीच ठरवा, त्यात आम्ही पडणार नाही. सुरुवात शाळेपासून झाली. हॅरी वीझ यांनी आखलेली पहिली शाळा १९५७ ची. मग हीच पद्धत अग्निशामक केंद्रांना लागली.

तिथलं चार नंबरचं केंद्र रॉबर्ट व्हेंचुरी यांनी केलं, १९६८ साली. दिसायला अगदी साधं. विटांची भिंत, गाड्यांची दारं, मधे होजपाइप वाळवायचा मनोरा आणि त्यावर लांबून दिसेल असा मोठा ‘४’. पाच नंबरचं केंद्र १९८७ चं, सुसाना टोरे यांचं. दलात स्त्रियाही येणार हे धरून त्यांनी सगळ्यांचा एकच मोठा झोपायचा हॉल काढून टाकला आणि स्वतंत्र खोल्या दिल्या. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर ही पहिली विद्यार्थिनी २००२ साली दाखल झाली. कोलंबसच्या इमारतीने तो विचार त्याच्या पंधरा वर्षं आधी केला होता, कारण आर्किटेक्टने आधी विचारलं की इथं राहणार कोण.

आता परत घरी येऊ. मुंबईत आग विझवणं १८५५ पासून पोलिसांकडे होतं, १८८७ साली ते पालिकेकडे आलं. महाराष्ट्रात आजही मोठ्या शहरांची अग्निशमन दलं महापालिकांचीच आहेत, कोल्हापूरचंही तसंच. आपल्याकडे मात्र १९६४ च्या कायद्याने हे खातं राज्याचं झालं. ते गृहखात्याच्या अखत्यारीत येतं आणि त्याच्या इमारतींची कामं पोलीस गृहनिर्माणाच्या निगमाकडे जातात. कन्नड पाटीवर ‘अग्निशामक ठाणे’ लिहिलेलं असतं, मराठीत आपण ‘केंद्र’ म्हणतो. दोन्ही शब्द बरोबरच आहेत, पण ‘ठाणे’ हा शब्द खातं कुठलं हे सांगून जातो. थोडक्यात, बेळगाव ते कोल्हापूर या शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये ‘आर्किटेक्ट कोण निवडणार’ या प्रश्नाचं उत्तर बदलतं. तिकडे नगरसेवकाला जाब विचारता येतो. इकडे फाइल बेंगळूरूची वाट धरते.

राज्याच्या खात्याकडे काम असण्यात वाईट काहीच नाही. एकाच ठरावीक नकाशावरून अनेक गावांत केंद्रं उभारली तर काम लवकर होतं, खर्च कळतो, सुटे भाग एकसारखे मिळतात. इंजिनीअर म्हणून मला हे पटतं. पण ठरावीक नकाशाला अनगोळची गल्ली माहीत नसते. ती सांगायचं काम स्थानिकांचं. दुसरं म्हणजे, आर्किटेक्ट खासगी घ्यायचा झाला तर फक्त सगळ्यात कमी दराची निविदा बघून घेऊ नये. दर आणि गुणवत्ता दोन्हींना गुण देऊन निवड करायची पद्धत नियमांत आहे, ती मागावी.

आपलं मंडळ इतिहासाचं. निविदा काढणं आपलं काम नाही. पण मला तीन गोष्टी आपल्या हातातल्या वाटतात. जुन्या गल्ल्यांची रुंदी, विहिरी, तळी आणि रेल्वे गेटं दाखवणारा एक नकाशा तयार करायचा. निवृत्त फायरमन मंडळींशी बोलून त्यांची हकीकत लिहून घ्यायची, कारण कुठल्या वळणावर बंब अडतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. आणि हे दोन्ही कोनशिलेच्या आधी अधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचवायचं.

त्या शेडच्या जागी आता तीन मजली घर आहे. गल्ली तेवढीच आहे, उलट दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात. पुढच्या रविवारी मी टेप घेऊन तिथूनच मोजायला सुरुवात करणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी सकाळी सात वाजता यावं.