चिलखत-जतन (सातारा-सांगली)

जुनी चिलखते, शिरस्त्राणे, ढाली व तलवारी स्वच्छ करून टिकवण्याचा छंद. जपानी सामुराईंच्या चिलखतात लाखेचा मुलामा दिलेल्या पट्ट्या रेशमी दोऱ्यांनी ओवलेल्या असतात. तिथला छंदी माणूस लाख आणि वीण सांभाळतो. मराठी चिलखत मुख्यतः लोखंडी कड्यांचे. इथे झुंज गंजाशी असते, आणि पावसाळी सह्याद्रीच्या कुशीत ती सोपी नाही.

सातारा जिल्ह्याशी चिलखताचे नाते जुने आहे. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाला भेटताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते, असे बखरी सांगतात. त्याच भेटीशी जोडली जाणारी, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै 2024 मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. ती त्या भेटीत वापरलेलीच आहेत, याची खात्री पटलेली नाही, असे लंडनचे संग्रहालय स्वतःच सांगते. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला ती मिळाल्याची माहिती वाघनखांच्या पेटीवरील मजकुरातून कळते. म्हणून जुनी पेटी, अस्तर, दोरी, चिठ्ठी यांतले काहीही टाकू नये. वस्तूची ओळख बहुधा त्यांतच असते.

पूर्वी हे काम शिकलगारांचे. पात्याला धार लावणे, गंज काढणे, झळाळी देणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. 19व्या शतकात शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा मिरजेतील फरीदसाहेब व त्यांच्या घराण्याने सतार-तानपुरे घडवायला घेतले. त्या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हत्यारे हाताळलेल्या घराण्याचे कसब असे तारांपर्यंत पोहोचले, पण शस्त्रांचे जाणते हात मात्र कमी झाले.

दसऱ्याच्या शस्त्रपूजेआधी चिंच, लिंबू, राख किंवा विटकरीच्या भुकटीने पाती घासण्याची रीत अनेक घरांत आहे. श्रद्धा निर्मळ असली तरी ही घासणी घातक ठरते. आम्लाने पोलाद खाल्ले जाते, लहरदार नक्षी पुसट होते आणि कोफ्तगारीतली, म्हणजे पोलादावर बसवलेली, सोन्याची तार निघून येते. सुटा गंज मऊ कुंचल्याने व कोरड्या कापडाने काढावा, घट्ट बसलेला काळसर थर राहू द्यावा आणि वर खनिज मेणाचा पातळ हात द्यावा. उघड्या हातांनी धातू धरू नये. घामातले क्षार गंज वाढवतात.

कड्यांचे चिलखत खुंटीला टांगू नये. स्वतःच्याच वजनाने वरच्या कड्या ताणून तुटतात, म्हणून ते सपाट पसरून ठेवावे. अनेक जुन्या चिलखतांत कड्या रिव्हेटने बंद केलेल्या असतात, तर काहींत टोकांना टोक भिडवून. जोड पाहिल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये. तुटलेल्या जागी नवी कडी बसवलीच, तर ती ओळखू येईल अशी ठेवावी. हुबेहूब जोड म्हणजे पुढच्या अभ्यासकाची फसवणूक.

ढालीची काळजी वेगळी: तिच्या कातड्याला ऊन आणि तेलाचा मारा सोसत नाही.

100 वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. जमिनीत शस्त्र सापडले, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ते होईपर्यंत त्यावरची माती धुऊ नका.