रात्रीचे पाणी आणि मोडलेली झोप : अहमदनगर जिल्ह्यातील प्रकाश, वीज व सिंचन यांचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

विजेच्या इतिहासाचे लेखन करताना दिव्याला मध्यवर्ती स्थान देण्याची प्रथा आहे. दिवा आला, संध्याकाळ लांबली आणि झोपेची वेळ पुढे सरकली, असा त्या मांडणीचा सर्वसाधारण क्रम असतो. अमेरिकन इतिहासकार रॉजर एकर्च यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रात्रीच्या इतिहासावरील ग्रंथात, औद्योगिकीकरणापूर्वीच्या पश्चिम युरोपात माणसे रात्री दोन टप्प्यांत झोपत असत आणि कृत्रिम प्रकाशाच्या प्रसाराबरोबर ही रीत मागे पडली, असे प्रतिपादन केले. शहरी जीवनाच्या संदर्भात ही मांडणी उपयुक्त आहे. परंतु अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) बागायती गावांचा इतिहास पाहिला असता वेगळे चित्र दिसते. येथील शेतकऱ्याची झोप दिव्याने मोडली नाही. ती पाण्याच्या पाळीने आणि विजेच्या मोटरीच्या वेळापत्रकाने मोडली. हे विधान तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बैलांचा दिवस आणि स्त्रियांची पहाट

विहिरीवर मोट चालत होती तोपर्यंत सिंचन हे प्रामुख्याने दिवसाचे काम होते. पहाटे अंधार असतानाच मोट जुंपली जाई हे खरे. तथापि बैलांना दुपारी विसावा आणि रात्री वैरण व विश्रांती द्यावीच लागे. धावेवर मागे-पुढे चालणाऱ्या बैलाच्या दमावर माणसाच्या श्रमाची मर्यादा ठरत असे. करडईच्या तेलाची पणती, पुढे रॉकेलची चिमणी आणि कंदील यांचा उजेड ओसरीपुरता पुरे. शेतातील कामासाठी तो अपुरा होता. दिवेलागणीनंतर जेवण, थोडे भजन-गप्पा आणि झोप हा क्रम या मर्यादेतून घडला होता.

मात्र या काळाचे उदात्तीकरण करणे योग्य ठरणार नाही. स्त्रियांची झोप त्या काळीही अपुरीच होती. घरातील सर्वांसाठी लागणारे पीठ पहाटेपूर्वी जात्यावर दळावे लागे. गी पॉयटेव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावोगावी संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरील ओव्या हा या पहाटेच्या श्रमांचा फार मोठा मौखिक दस्तऐवज आहे. इतिहासकाराने या ओव्यांकडे केवळ लोकसाहित्य म्हणून न पाहता स्त्रियांच्या कमी झालेल्या झोपेचा पुरावा म्हणूनही पाहावयास हवे.

पाटाची पाळी आणि कारखान्याचा भोंगा

रात्रीच्या सिंचनाची सुरुवात विजेपासून झाली असे नाही. भंडारदरा येथील धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांचे शेतीजीवन बदलले. कालव्याचे पाणी दिवस-रात्र वाहते आणि प्रत्येकाला ते पाळीने मिळते. पाळी रात्री आली तर हातात कंदील घेऊन दारे धरण्यास जावे लागे. पाणी वाया घालवणे कोणासही परवडणारे नव्हते.

पाण्याबरोबर ऊस आला आणि उसाबरोबर साखर कारखाना. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रवरानगर येथील सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. गळीत हंगामात कारखाना थांबत नाही. त्यामुळे तीन पाळ्या, भोंगा आणि रात्रभर दिव्यांनी उजळलेले आवार हे ग्रामीण भागातील नवे दृश्य ठरले. येथे एक फरक ध्यानात घ्यावयास हवा. कारखान्यातील रात्रपाळीची दखल कायद्याने घेतली होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामाचे तास आठवड्याला ४८ पर्यंत मर्यादित केले आणि मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीसाठी साप्ताहिक सुटीची गणना कशी करावी हेही सांगितले. त्याच कारखान्याला ऊस पुरविणाऱ्या शेतकऱ्याच्या रात्रीची अशी नोंद कोणत्याही कायद्यात झाली नाही.

वीज : घराची आणि शेताची

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली आणि कोयना प्रकल्पाची वीज १९६२ पासून मिळू लागली. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खोल गेल्या, मोट मागे पडली आणि ऑइल इंजिनाची जागा हळूहळू विजेच्या मोटरीने घेतली. मोटर दमत नाही. बैलाच्या विश्रांतीबरोबर माणसाला मिळणारी सक्तीची विश्रांतीही त्यामुळे संपली.

विजेने काही जणांना झोप परतही दिली, हे येथे नमूद केले पाहिजे. पिठाची गिरणी गावात आल्यावर जाते कोपऱ्यात गेले आणि स्त्रियांची पहाट काही अंशी मोकळी झाली. एकाच ऊर्जेने घरातील एकीची झोप वाढवली आणि दुसऱ्याची हिरावली.

२००० नंतरच्या दशकात भारनियमन तीव्र झाले. सायंकाळी घरगुती वापर वाढतो, त्या वेळी पंप बंद ठेवावे लागतात; मध्यरात्रीनंतर मागणी घटते, तेव्हा औष्णिक केंद्रांची वीज उपलब्ध असते. म्हणून शेतीपंपांचा भार रात्रीकडे ढकलणे हे वितरणाच्या दृष्टीने सोयीचे ठरले. अक्षय प्रकाश योजनेत गावांनी सायंकाळच्या वेळी पंप बंद ठेवण्याची हमी द्यावी आणि त्याबदल्यात घरांत दिवे राहावेत, अशी व्यवस्था होती. पुढे गावठाण आणि शेती यांच्या वाहिन्या वेगळ्या करण्यात आल्या. घराच्या उजेडाला एक वेळापत्रक आणि शेताच्या पाण्याला दुसरे, ही विभागणी अशा रीतीने स्थिर झाली. शेतीसाठी काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री आठ ते दहा तास, अशा चक्राकार पद्धतीने थ्री फेज वीज मिळू लागली. घरात दिवा राहावा म्हणून शेतकरी रात्री अंधारात उभा राहू लागला, असेच या व्यवस्थेचे वर्णन करावे लागेल.

वीज येताच ऑटोस्विचमुळे मोटर आपोआप सुरू होते. परंतु वाफा भरल्यावर पाणी दुसरीकडे वळविण्यासाठी माणूसच लागतो. रात्री उसात घोणस व मण्यार यांचे भय असते. बिबट्याचे भयही काल्पनिक नाही. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरात केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शेती व वस्ती असलेल्या या भागात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचे आढळले.

रात्रपाळीचे शरीरशास्त्र

या इतिहासाचे गांभीर्य शरीरशास्त्राच्या साहाय्याने अधिक स्पष्ट होते. डोळ्याच्या पडद्यातील काही विशिष्ट पेशी दृश्य पाहण्यासाठी नसून दिवस-रात्र ओळखण्यासाठी असतात, हे २००२ च्या सुमारास सिद्ध झाले. या पेशी निळसर प्रकाशाला विशेष प्रतिसाद देतात आणि मेंदूतील मुख्य जैविक घड्याळाला त्याची वार्ता देतात. अंधार झाल्यावर मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवते, शरीराचे तापमान उतरते आणि पहाटेपूर्वी सावधपणा सर्वांत कमी होतो. पेशींतील या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भर दुपारचा सूर्यप्रकाश एक लाख लक्सपर्यंत जातो; घरातील दिव्याचा उजेड काहीशे लक्सपलीकडे क्वचितच असतो. त्यामुळे रात्री जागलेला शेतकरी सकाळी उन्हात आला की त्याच्या शरीराला दिवस सुरू झाल्याचाच संदेश मिळतो. दिवसा घेतलेली झोप तुटक व अपुरी राहते. जैविक घड्याळ नव्या वेळेशी जुळण्यास अनेक दिवस लागतात. परंतु चक्राकार वीजपुरवठ्यात पाळी त्याआधीच बदलते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये जैविक लय बिघडवणाऱ्या रात्रपाळीचा समावेश संभाव्य कर्करोगकारक घटकांत केला आणि २०१९ मध्ये तो निष्कर्ष कायम ठेवला. हे वर्गीकरण रात्रपाळीतील कामगारांवरील अभ्यासांवर आधारलेले आहे, याचे भान ठेवूनही पाणी देणारा शेतकरी या चर्चेबाहेर का राहिला, हा प्रश्न उरतो.

ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकाला पहिल्या तासिकेत डुलक्या घेणारा विद्यार्थी नवा नाही. त्याच्या हजेरीपुढे शेरा लिहिताना, त्या आठवड्यात वीज दिवसा होती की रात्री, याची चौकशी आपण क्वचितच करतो.

सूर्यप्रकाशाकडे परत

‘दिवसा वीज द्या’ ही मागणी म्हणूनच केवळ आर्थिक स्वरूपाची नाही. ती झोपेच्या हक्काचीही मागणी आहे. २०१७ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. सुरुवातीस ज्या गावांत हा प्रयोग घेण्यात आला त्यांत पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचा समावेश होता. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा जाहीर झाला. सौर वीज सूर्य असतानाच निर्माण होते. त्यामुळे पंप पुन्हा दिवसाशी बांधला जातो. बैलाच्या दमाने जी मर्यादा घातली होती, ती आता सूर्यास्त घालतो.

तथापि दिवसा मिळणारी मुबलक वीज भूजलाचा उपसाही वाढवू शकते. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठी कूपनलिका न घेण्याचा आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरविण्याचा मार्ग स्वीकारला. सौर पंपाला अशा सामूहिक शिस्तीची जोड आवश्यक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, अहमदनगर जिल्ह्यातील झोपेचा इतिहास दिव्याच्या प्रसारातून नव्हे, तर पाण्याच्या व विजेच्या वाटपातून समजून घ्यावा लागतो. मोट, पाट, मोटर आणि सौर पंप या प्रत्येक टप्प्यावर कोणी जागावे आणि कोणी झोपावे याचा निर्णय होत गेला. प्रथम तो स्त्रियांच्या विरुद्ध गेला आणि नंतर पाणी देणाऱ्यांच्या. सिंचन धोरणाचे मूल्यमापन हेक्टर आणि युनिट यांत होत आले आहे. त्यात शेतकऱ्याला मिळालेल्या रात्रींची मोजदादही व्हावयास हवी. महाविद्यालयांच्या परिसरातील गावांत वीजपुरवठ्याची वेळापत्रके आणि वृद्ध शेतकऱ्यांच्या व स्त्रियांच्या आठवणी यांचे संकलन करणे हे या दिशेने पहिले पाऊल ठरू शकेल. हे काम इतिहास विभागांनी वेळीच हाती घेणे अगत्याचे आहे.